गप्प पंखा: मोटारीच्या थंडाव्याचा आणि दुरुस्तीचा इतिहास



इतिहासाचं व्याख्यान आणि विषय मोटारीचा पंखा, हे जरा विचित्र वाटेल. इतिहास म्हटला की आपल्याला किल्ले आठवतात, गिरण्या आठवतात, फार तर १८५३ची बोरीबंदर–ठाणे रेल्वे, जी आपल्या मुलुंडवरूनच पुढे गेली. पण रोजच्या वापरातल्या वस्तूंनाही इतिहास असतो. आणि ती वस्तू बिघडली की दोष कसा शोधायचा, या ज्ञानालाही इतिहास असतो. आज मला मुख्यतः या दुसऱ्या इतिहासाबद्दल बोलायचंय.

सुरुवात एका नेहमीच्या तक्रारीपासून करू. कुठल्याही गॅरेजमध्ये अर्धा तास बसा, ती कानावर पडेल. "हायवेला गाडी एकदम बरोबर चालते हो, पण ट्रॅफिकमध्ये उभी राहिली की काटा वर जातो." आता हे उलटं वाटतं की नाही? माणूस धावला की तापतो आणि बसला की गार होतो. मोटार धावताना गार राहते आणि उभी राहिली की तापते. असं का होतं हे समजलं, तर मुंबईतल्या मोटार-दुरुस्तीचा गेल्या पन्नास-साठ वर्षांचा इतिहास बराचसा समजतो.

आणि हा इतिहास सांगायला मुलुंडसारखी जागा नाही. आपला लालबहादूर शास्त्री मार्ग म्हणजे जुना आग्रा रोड. शहरातून नाशिककडे, म्हणजे कसारा घाटाकडे जाणारी गाडी इथूनच बाहेर पडायची. मुलुंड ही महापालिकेची हद्द, म्हणून इथे जकात नाका. पुढे पथकर नाके आले. जकात १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यावर गेली. हलक्या वाहनांचा पथकर १४ ऑक्टोबर २०२४च्या मध्यरात्री माफ झाला. पण कित्येक दशकं मुलुंड नाका म्हणजे थांबणं, आणि इंजिन चालू ठेवून थांबणं. मोटारीच्या पंख्याची खरी परीक्षा अशाच ठिकाणी होते.

पट्ट्याचा पंखा

आधी मूळ गोष्ट. इंजिनात जे पेट्रोल जळतं, त्याच्या उष्णतेचा काही भागच चाकापर्यंत पोचतो. बराचसा धुरातून निघून जातो आणि ढोबळमानाने एक तृतीयांश इंजिनाच्या अंगात उतरतो. ही उष्णता पाणी उचलतं आणि पुढच्या जाळीत, म्हणजे रेडिएटरमध्ये नेऊन हवेला देतं. गाडी पळत असली तर समोरचा वारा जाळीतून आपोआप जातो. गाडी थांबली की वाराही थांबतो. मग वारा कोणीतरी ओढायला हवा. पंखा आला तो यासाठी.

१९०० साली विल्हेल्म मायबाख यांनी आखलेल्या मर्सिडीज गाडीत मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला होता. आठ हजारांवर बारीक नळ्या आणि त्यांच्यामागे एक छोटा पंखा. तो पंखाही कमी वेगात मदत व्हावी म्हणूनच होता. म्हणजे अडचण पहिल्यापासून माहीत होती.

पुढची कित्येक दशकं हा पंखा इंजिनावरच, पट्ट्याने फिरत राहिला. आपण त्याला फॅन बेल्ट म्हणतो. रचना सोपी आणि मजबूत, पण तिच्यात एक मोठी गोम आहे. पट्ट्यावरचा पंखा इंजिनाच्या चालीने फिरतो. हायवेवर इंजिन मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्या मारतं, तेव्हा पंखाही जोरात. पण तेव्हा त्याची गरजच नसते, वारा समोरून येतच असतो. नाक्यावर गाडी उभी, इंजिन सातशे-आठशे फेऱ्यांवर, तेव्हा पंखाही मंद. आणि गरज नेमकी तेव्हाच सगळ्यात जास्त. शिवाय पंख्याचं एक गणित आहे. वेग दुप्पट झाला की त्याला लागणारी शक्ती आठपट होते. म्हणजे हायवेवर हा पंखा फुकटचं पेट्रोल खात होता, आणि नाक्यावर जेव्हा खरं काम करायचं तेव्हा कमी पडत होता.

मुंबईने हा पंखा ज्या गाडीत पाहिला ती म्हणजे आपली फियाट, नंतरची प्रीमियर पद्मिनी. याच एलबीएस मार्गाने दक्षिणेकडे गेलं की कुर्ला लागतं. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि तिचा कारखाना कुर्ल्याला उभा राहिला. इटलीतल्या फियाट कंपनीच्या परवान्यावर १९६४पासून तिथे ११०० डिलाइट बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिचं नाव पद्मिनी झालं. इंजिन १,०८९ सीसीचं, गाडीत लांबीच्या दिशेने बसवलेलं. पंखा थेट रेडिएटरच्या मागे, पट्ट्यावर. काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे हीच गाडी, असं समीकरण तीस-चाळीस वर्षं राहिलं.

आता या गाडीत बिघाड कसा शोधायचा? डोळ्यांनी आणि कानांनी. बॉनेट उघडायचं, पट्टा अंगठ्याने दाबायचा. फार दबला तर ढिला. कडेला चिरा दिसल्या तर बदला. पट्टा घसरत असेल तर चिरकतो. आणि तोच पट्टा डायनामो आणि पाण्याचा पंपही फिरवायचा. म्हणून तो तुटला की समोर चार्जिंगचा लाल दिवा लागायचा, काटा चढायचा, आणि बॉनेट उघडलं की पंखा निपचित. तिन्ही खुणा एकाच वेळी, एकाच कारणाकडे बोट दाखवणाऱ्या. चालकाला मेकॅनिक लागत नसे. डिकीत जादा पट्टा, पाना आणि पाण्याचा कॅन असला की भागलं.

म्हणून बोरघाटात किंवा कसाऱ्याला बॉनेट उघडी ठेवून, रेडिएटरवर ओलं फडकं टाकून उभ्या असलेल्या गाड्या हे त्या काळातल्या प्रवासाचं नेहमीचं दृश्य होतं. घाट म्हणजे इंजिनावर भार जास्त आणि गाडीचा वेग कमी. पट्ट्याच्या पंख्याची गोम तिथे उघडी पडायची. पण काय झालंय हे सगळ्यांना कळत होतं. हा मुद्दा लक्षात ठेवा. पंखा वाईट होता, पण बिघाड उघड होता.

इंजिन आडवं झालं

मग विजेचा पंखा आला कुठून? पुष्कळांना वाटतं की पेट्रोल वाचवायला आला. तेही खरं, पण मोठं कारण वेगळं आहे. इंजिन आडवं झालं.

इथे एक मजेशीर दुवा आहे. आपल्या पद्मिनीचं मूळ कूळ म्हणजे फियाट ११००. ती आखणारे इंजिनिअर दान्ते जियाकोसा. याच जियाकोसांच्या हाताखाली १९६९ साली फियाट १२८ तयार झाली. पुढची चाकं ओढणारी, इंजिन आडवं बसवलेली गाडी. इंजिन आडवं केलं की लांबी वाचते, माणसांना जागा मिळते. पण मग इंजिनाचं पट्ट्याचं टोक बाजूच्या चाकाकडे तोंड करतं आणि रेडिएटर तर वाऱ्यासाठी समोरच हवा. पट्टा काटकोनात वळवणार कसा? उत्तर असं की पट्टा सोडा, पंख्याला स्वतःची मोटर द्या, आणि पाणी तापलं की ती आपोआप चालू होईल अशी सोय करा. म्हणजे मुंबईच्या पट्ट्याच्या पंख्याचा आणि त्याची जागा घेणाऱ्या विजेच्या पंख्याचा वंश एकाच माणसाच्या कागदावर एकत्र येतो.

भारतात ही रचना घरोघरी पोचवली मारुतीने. १४ डिसेंबर १९८३ला इंदिरा गांधींच्या हस्ते पहिल्या मारुती ८००ची किल्ली दिली गेली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी, इंजिन आडवं, पंखा विजेचा. नव्वदच्या दशकात झेन आली, एस्टीम आली, सँट्रो आली, इंडिका आली. सगळ्यांची तऱ्हा तीच. पंखा आता इंजिनाच्या चालीने नाही, पाण्याच्या तापमानाने चालू लागला. पाणी साधारण नव्वद-पंचाण्णव अंशांना पोचलं की सुरू, पाच-सात अंश उतरलं की बंद. नाक्यावर गाडी उभी असली तरी पंखा पूर्ण वेगाने. मुंबईसारख्या थांबत-थांबत चालणाऱ्या शहरासाठी हे वरदानच होतं.

पण त्याबरोबर एक नवी अडचण आली. पट्ट्याचा पंखा इंजिन चालू असताना सतत फिरायचा, म्हणून तो थांबलेला दिसला की बिघाड नक्की. विजेचा पंखा बराच वेळ थांबलेलाच असतो आणि ते बरोबरच असतं. म्हणजे गप्प बसलेला पंखा पाहून तुम्हाला सांगता येत नाही की त्याची गरज नाही म्हणून तो गप्प आहे, की मेलाय म्हणून. आणि तो मेलाय हे तुम्हाला कधी कळणार? हायवेवर नाही, तिथे वारा त्याचं काम करतो. कळणार ते रांगेत अडकल्यावर, मे महिन्यात, मागे शंभर गाड्या हॉर्न वाजवत असताना. आपण सुरुवातीला जी तक्रार ऐकली, ती या गप्प पंख्याची तक्रार आहे.

दोन कारागिरांच्या मधली जागा

आता दुरुस्तीकडे येऊ. आपल्याकडे गॅरेजचं काम परंपरेने वाटलेलं होतं. इंजिन, गिअर, ब्रेक म्हणजे मेकॅनिकचं काम. दिवे, हॉर्न, डायनामो, बॅटरी म्हणजे ऑटो इलेक्ट्रिशियनचं. तो वेगळा माणूस, त्याचं दुकानही बहुतेक वेगळं. गाडी गरम होणं हा पिढ्यान्‌पिढ्या मेकॅनिकचा प्रांत. आणि आता त्याचं कारण वायरीत जाऊन बसलं. लक्षण एकाच्या घरात, रोग दुसऱ्याच्या.

याचा परिणाम असा झाला की ग्राहक गाडी घेऊन मेकॅनिककडे जायचा. तो त्याला माहीत असलेली कामं करायचा. रेडिएटर साफ, थर्मोस्टॅट बदल, पाण्याचा पंप बदल. बऱ्याचदा तर थर्मोस्टॅट काढूनच टाकायचा. हजारो रुपये खर्च होऊन गाडी पुन्हा नाक्यावर गरम. मग इलेक्ट्रिशियन पंख्याची मोटर बदलायचा. आणि शेवटी निघायचं काय, तर एक फ्यूज किंवा गंजलेलं अर्थिंग.

विजेच्या पंख्याची साखळी तशी लहान आहे. बॅटरी, फ्यूज, रिले, मोटर, आणि मोटरमधून गाडीच्या सांगाड्याला जाणारं अर्थिंग. हा झाला शक्तीचा रस्ता. दुसरा हुकमाचा रस्ता. पाण्यात बसवलेला थर्मो स्विच तापला की आतला धातू वाकतो, स्विच जुळतो आणि रिलेला हुकूम मिळतो. पंख्याला दहा अँपिअर किंवा त्याहून जास्त प्रवाह लागतो, तो छोट्या स्विचमधून नेला तर स्विच जळेल. म्हणून स्विच फक्त रिलेला हुकूम देतो, त्याला अँपिअरचा पाचवा हिस्साही पुरतो, आणि मोठा प्रवाह रिले सोडतो. काही सुरुवातीच्या साध्या गाड्यांत रिलेही नसे, स्विचच सगळा भार उचलायचा, आणि म्हणून लवकर जायचा.

चांगल्या कारागिराने यातून एक रीत बसवली, आणि ती पुस्तकात वाचून नाही, हाताखाली काम करून पुढे गेली. साखळी मधोमध तोडायची आणि विचारायचं, दोष अलीकडे की पलीकडे? थर्मो स्विचच्या दोन वायरी काढून एकमेकींना जोडायच्या. पंखा फिरला? म्हणजे पुढचं सगळं ठीक. दोष स्विचमध्ये, किंवा पाणीच कमी आहे आणि स्विचपर्यंत गरम पाणी पोचत नाही. नाही फिरला? मग मोटरला बॅटरीवरून सरळ वायर द्यायची. आता फिरला तर मोटर ठीक, मधलं फ्यूज-रिले-वायरिंग पाहा. आताही नाही फिरला तर मोटर गेली. दोन चाचण्यांत साखळीचे तीन तुकडे होतात. नवीन भाग विकत न घेता निदान होतं. माझ्या मते मुंबईच्या गॅरेजमधलं हे अस्सल शास्त्र आहे, त्याला कोणी शास्त्र म्हणो अथवा न म्हणो.

पण याच शास्त्राची एक मर्यादा होती आणि तीही इतिहासाचाच भाग आहे. इलेक्ट्रिशियनच्या हातातलं मुख्य हत्यार म्हणजे टेस्ट लॅम्प, एक छोटा बल्ब आणि दोन वायरी. दिवा लागला म्हणजे करंट येतोय. आता समजा कपलरच्या पिना गंजल्या आहेत आणि तिथे फक्त अर्ध्या ओहमचा अडथळा तयार झालाय. टेस्ट लॅम्पला लागतो साधारण एक तृतीयांश अँपिअर. त्या अडथळ्यावर त्याचं नुकसान होतं एक-दोन दशांश व्होल्टचं. दिवा लख्ख पेटतो. पण पंखा जेव्हा सहा-सात अँपिअर ओढू पाहतो, तेव्हा त्याच अडथळ्यावर तीन-साडेतीन व्होल्ट वाटेतच खलास होतात. मोटर रडतखडत फिरते किंवा फिरतच नाही. दिवा म्हणतो सगळं ठीक, पंखा म्हणतो नाही. आणि दोष मोटरच्या माथी मारला जातो. मल्टिमीटर लावून, पंखा चालू असताना व्होल्ट मोजले, तरच हे सापडतं.

मुंबईत गंजाला कारणं कमी नाहीत. पूर्वेला ठाण्याची खाडी आणि मिठागरं, वर चार महिने पाऊस. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. असंख्य गाड्या बुडाल्या. बुडलेली गाडी धुऊन-पुसून चालू होते. पण कपलरच्या आत जे पाणी शिरतं, ते तांब्यावर हिरवट-पांढरी बुरशी धरतं आणि दोष काही महिन्यांनी वर येतो. अशा गाडीचा पंखा पुढच्या उन्हाळ्यात गप्प बसला, तर त्याचा आणि पुराचा संबंध कोणाच्या सहज लक्षात येणार?

डायरेक्ट

आता एक शब्द, जो कुठल्याही तांत्रिक शब्दकोशात मिळणार नाही पण मुंबईच्या प्रत्येक गॅरेजमध्ये मिळेल. डायरेक्ट. "पंखा डायरेक्ट करून देतो." म्हणजे थर्मो स्विच, रिले सगळं सोडून, चावी फिरवली की पंखा चालू, अशी जोडणी. किंवा डॅशबोर्डखाली एक बटण, चालकाने हाताने दाबायचं.

सुशिक्षित माणसं याला जुगाड म्हणून नाक मुरडतात. पण तो का झाला ते पाहा. टॅक्सीवाल्याची गाडी दिवसभर गॅरेजमध्ये उभी राहिली तर त्याचा दिवसाचा धंदा गेला. मूळ भाग महाग, किंवा दोन दिवसांनी येणार. आणि पंखा नसताना गाडी चालवली तर? पाणी उकळतं, ॲल्युमिनियमचं हेड वाकतं, हेड गॅस्केट उडतं, आणि शंभर-दोनशे रुपयांच्या स्विचचं काम इंजिन उघडण्यावर जातं. त्या क्षणी डायरेक्ट करणं हा शहाणपणाचा निर्णय असू शकतो.

खरी अडचण पुढे सुरू होते. तात्पुरतं केलेलं काम कायमचं होतं. सतत फिरून मोटरचे ब्रश झिजतात. घाईत टाकलेल्या वायरीला फ्यूज नसतो. ती घासून सांगाड्याला लागली तर वायर तापते आणि बॉनेटखाली आग लागू शकते. आणि इतिहासाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, डायरेक्ट केलेला पंखा पुन्हा पट्ट्याच्या पंख्यासारखा होतो, इंजिन चालू की पंखा चालू. तापमानाशी त्याचं जे नातं जोडण्यासाठी इतकी खटपट झाली, तेच कापलं जातं. फायदा एकच, आणि तो छोटा नाही. पंखा पुन्हा दिसू लागतो. फिरतोय की नाही, हे चालकाला ऐकू येतं. मला वाटतं डायरेक्टच्या लोकप्रियतेचं हे खरं कारण आहे. लोकांना गप्प पंख्यावर विश्वास नव्हता.

हुकूम देणारी पेटी

तिसरा टप्पा प्रदूषणाच्या नियमांनी आणला. मुंबईत १ जानेवारी २००१पासून नव्या मोटारींना भारत स्टेज दोनचे निकष लागू झाले. पेट्रोल गाड्यांतला कार्ब्युरेटर मागे पडला, एमपीएफआय आलं, म्हणजे पेट्रोल मोजून फवारणारी यंत्रणा. आणि ते मोजायला एक संगणकाची पेटी, ईसीयू. एप्रिल २०१०ला मुंबईत भारत स्टेज चार आलं आणि ही पेटी आणखी हुशार झाली.

पंख्याचा हुकूमही या पेटीकडे गेला. थर्मो स्विचच्या जागी सेन्सर आला. स्विचला दोनच शब्द येतात, हो आणि नाही. सेन्सर तापमान सांगतो. तो गार असताना त्याचा रोध दोन-अडीच हजार ओहमच्या घरात असतो आणि ऐंशी अंशांना तीनशे ओहमच्या आसपास उतरतो. पेटी तो वाचते, एसी चालू आहे का पाहते, गाडीचा वेग पाहते आणि मग ठरवते, पंखा मंद की जोरात की बंद.

आता जुनी रीत चालेना. सेन्सरच्या वायरी एकमेकींना जोडल्या तर पेटीला वाटतं पाणी भलतंच तापलंय, आणि काही गाड्यांत ती ही नोंद बिघाड म्हणून लिहून ठेवते. पण कारागीर थांबला नाही. त्याने नव्या खुणा शोधल्या. एसी लावला की पंखा फिरायला हवा. एसीने फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, म्हणजे मोटर आणि निदान एक रिले ठीक, संशय सेन्सरवर. बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा कपलर काढला की पेटी घाबरून पंखा पूर्ण वेगाने सोडते, कारण तापमान कळत नसेल तर गार ठेवणं सुरक्षित. तसा तो सुटला, तर पेटीपासून मोटरपर्यंतचा रस्ता शाबूत. पंखा जोरात फिरतो पण मंद फिरत नाही, तर मंद वेगासाठी लावलेला रेझिस्टर जळालाय का पाहा. जुनी रीत तीच राहिली, साखळी मधोमध तोडा. फक्त तोडायची जागा बदलली.

मात्र एक गोष्ट कारागिराच्या हातात नव्हती. पेटीच्या मनात काय चाललंय हे वाचायला स्कॅनर लागतो आणि वायरिंगचा नकाशा लागतो. तो कोणाकडे असणार? इथे आपल्या पंख्याची गोष्ट थेट कायद्याच्या दारात पोचते.

एका ग्राहकाने २०११ साली भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली की मोटार कंपन्या सुटे भाग आणि तपासणीची साधनं फक्त अधिकृत सेवा केंद्रांनाच देतात. आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ला निकाल दिला. १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड, आणि सुटे भाग व तपासणीची साधनं स्वतंत्र गॅरेजांनाही मिळतील अशी व्यवस्था करण्याचा आदेश. कंपन्या अपिलात गेल्या, खटले लांबले. पण मुद्दा सरकारदरबारी नोंदला गेला. पुढे २४ डिसेंबर २०२२ला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं, त्यात मोटारींचाही समावेश आहे.

या निकालाकडे आपण ग्राहकाचे पैसे वाचवणारा निकाल म्हणून बघतो. मी त्याकडे ज्ञानाच्या इतिहासातली एक घटना म्हणून बघतो. पट्ट्याच्या काळात बिघाड सगळ्यांना दिसत होता. तारेच्या काळात तो कारागिराला सापडत होता. पेटीच्या काळात प्रश्न उभा राहिला की तो बघण्याचा अधिकार कोणाचा. एलबीएस मार्गावरच्या लहान गॅरेजवाल्याकडे अक्कल आहे, हात आहे, अनुभव आहे. त्याच्याकडे नकाशा नसेल तर तो अंदाजाने भाग बदलत बसणार, आणि त्या अंदाजाचे पैसे तुम्ही-आम्ही भरणार.

पद्मिनी आता रस्त्यावरून गेली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा, म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर तीही थांबली. आता विजेच्या मोटारी येताहेत. त्यांना इंजिन नाही, म्हणून पंखाही नाही, असं समजू नका. बॅटरी आणि एसी थंड ठेवायला पुढे रेडिएटर आणि पंखा बहुतेक गाड्यांत आहेच. आणि तो अजून जास्त गप्प आहे. म्हणून आज मांडलेला प्रश्न शिल्लकच राहणार.

श्रोत्यांचे दोन प्रश्न आलेत, ते घेतो आणि थांबतो.

पहिला प्रश्न: गाडी बंद करून चावी काढली तरी पंखा फिरत राहतो, हा बिघाड आहे का? काही गाड्यांत ही मुद्दाम केलेली सोय आहे. इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचं थांबतं, उष्णता साचते, म्हणून पंखा काही मिनिटं चालतो. पण तासाभराने परत आलात आणि तो फिरतोच आहे, तर रिलेचे आतले टोक चिकटलेले असू शकतात. तो सकाळपर्यंत बॅटरी उतरवेल. आणि यातूनच एक सूचना. बॉनेट उघडी असताना, इंजिन बंद असलं तरी, पंख्याजवळ हात घालू नका. तो न सांगता सुरू होतो. गरम रेडिएटरचं झाकणही उघडू नका. आत दाब असतो, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. झाकण काढताच ते अंगावर उसळतं.

दुसरा प्रश्न: पंखा ठीक आहे हे रांगेत अडकण्याआधी कसं ओळखायचं? मोकळ्या, हवेशीर जागेत गाडी उभी करा, एसी बंद ठेवा, इंजिन चालू ठेवा आणि काट्यावर नजर ठेवून ऐका. पंधरा-वीस मिनिटांत पंखा एकदा सुरू होऊन बंद झाला पाहिजे. काटा नेहमीच्या जागेच्या वर गेला आणि तरी आवाज नाही, तर लगेच इंजिन बंद करा आणि गॅरेज गाठा. मग एसी लावून पाहिल्यावर काय झालं, तेही कारागिराला सांगा. तेवढ्या माहितीवर त्याचं अर्धं काम होतं. हे वर्षातून दोनदा करा, एप्रिलमध्ये आणि पावसाळा संपल्यावर.